आवळीखालचं मानाचं पान

आमच्या वर्गात अस्पृश्यतेवर चर्चा कधी झालीच नाही. झाली ती, ही चर्चा करावी की करू नये याची, आणि ती दोन शनिवार पुरली. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. ज्या लोकांबद्दल बोलायचं की नाही यावर वर्ग तावातावानं भांडत होता, त्यांच्यातली त्या वर्गात मी एकटीच होते आणि शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते.

लढाईचे दिवस होते. आमचं गाव खानापूरच्या पुढं, नंदगडच्या अंगाला. गावात माझी मराठी चौथी झाली ती शाळेच्या ओसरीवर बसून. आत फळा, बाहेर मी, मधे उंबरा. मग वडील पलटणीत भरती झाले, त्यांची पलटण बेळगावच्या कँपात आली आणि त्यांनी आम्हाला लायनीत, शिपायांच्या चाळीत आणलं. लायनीत सगळे आपलेच, महारांचीच घरं. वडिलांनी पट्टा कसून, बूट चमकवून मुलींच्या हायस्कुलात हेडबाईंसमोर सलाम ठोकला आणि माझं नाव घातलं. सरकारचा हुकूम होता, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. थोड्याच दिवसांत पलटण ब्रह्मदेशाच्या बाजूला गेली. लायनीत बायका आणि पोरं राहिली.

शाळेत मला कुणी छळलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दलितांच्या आठवणी म्हटल्या की लोक शिव्या आणि छड्या शोधतात; माझ्याकडं त्या नाहीत. माझ्याकडं एक रिकामा बाक आहे. बाक दोघींचे होते. पहिल्या दिवशी मी ज्या ज्या बाकापाशी गेले त्यावर दप्तर ठेवलेलं होतं. शेवटच्या बाकावर दप्तर नव्हतं, तिथं बसले, आणि शाळा संपेपर्यंत तिथंच बसले. त्यामुळं वर्ग मला सगळा पाठमोरा माहीत होता. कुणाची वेणी जाड, कुणाची रिबीन मळकी, कुणाच्या मानेवर तीळ, हे मी झोपेतही सांगितलं असतं. चेहरे मात्र रस्त्यात समोरून आले तर ओळखायला वेळ लागायचा.

एकटेपण म्हणजे काय हे मला त्या वर्षांत कळलं. सकाळी घरून निघाले की परत येईपर्यंत हजेरीच्या 'हजर'शिवाय तोंडातून क्वचितच शब्द निघे. शाळा सुटली की कँपाच्या रस्त्यावर झाडांखालून जाताना मी भूगोलाचा धडा मोठ्यानं म्हणत जायची. अभ्यास म्हणून नव्हे. आपला आवाज जागेवर आहे ना, एवढं बघायला. एक गोरा सोल्जर एकदा सायकलवरून उतरून माझ्याकडं बघत उभा राहिला होता. त्याला वाटलं असेल, पोरीला वेड लागलंय.

वर्गातली एकच मुलगी माझ्याशी थोडंफार बोलायची. ती निपाणीची, जैन, तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी. बेळगावात मावशीकडं राहून शिकत होती. ती कानडीत हिशेब करायची, मराठीत भांडायची, आणि इतर मुलींनी तिच्या 'मी आलो, मी गेलो'ला नावं ठेवली तर ढिम्म हलायची नाही. शिवणाच्या तासाला तिची सुई हवी असली तर ती माझ्या बाकाच्या कडेवर आणून ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. मागं सरायची हे खरं. पण आणून ठेवायची हेही खरं.

त्या पावसाळ्यानंतर निपाणीला आमच्या लोकांची मोठी सभा भरली. लायनीतल्या बायका गाडी करून गेल्या, माझी आई त्यांच्यात. परत आल्या त्या नव्या बायका होऊनच. शिळंपाकं मागायचं नाही, मेलेलं ढोर ओढायचं नाही, पोरी शाळेतनं काढायच्या नाहीत, अशा शपथा घेऊन आल्या होत्या. सभेची बातमी पेपरात आली आणि आमच्या वर्गबाईंनी तो पेपर वर्गात आणला. बाई तरुण होत्या, सुताचं जाडं पातळ नेसायच्या, मनानं फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "शनिवारच्या सभेत आपण यावर बोलायचं का?"

झालं. त्या 'का'वर वर्ग दुभंगला.

बाजूनं उभी राहिली ती वकिलांची मुलगी. हुशार, गोरीपान, बोलायला लागली की हात आपोआप वर जायचे. ती म्हणाली, "देशात एवढी चळवळ चाललीय आणि आपण काय कशिद्याचे टाके मोजत बसायचं? बोललंच पाहिजे!" तिच्यामागं पाच-सहा जणी टाळ्या वाजवायला होत्याच. उलट बाजूनं डॉक्टरांची मुलगी उठली. शाळेत असले विषय आले की सरकारी मदत जाते, मग फी वाढते, मग गरीब मुलींचं शिक्षण बंद पडतं, असं तिनं ओळीनं सांगितलं. गरीब मुली म्हणजे कोण, हे सांगितलं नाही. एक लिंगायत मुलगी म्हणाली, आमच्या धर्मात जात मानतच नाहीत, तेव्हा आमच्यापुरता हा विषय संपलेला आहे. ती डॉक्टरांच्या मुलीशेजारी बसायची आणि तिच्या डब्यातलं खायची नाही. एकीनं विचारलं की बोललं तर परीक्षेत येईल का. नाही म्हटल्यावर ती विरुद्ध गेली.

आणि निपाणीची उठली. ती बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. सभा तिच्या गावात झाली होती, सुटीत घरी असताना तिनं आपल्या माडीवरून ती बघितली होती. ती म्हणाली, "मला नको वाटतंय. बोलाय लागलो की सगळ्या मान वळवून मागं बघणार. तिला जेवताना सुदिक सोडणार न्हाय. आन् मी इथं हात वर करायचा आन् मावशीच्या घरात वेगळं वागायचं, हे मला जमणार न्हाय."

तेवढ्यात सगळ्यांनी मान वळवून मागं बघितलंच. मी पेन्सिलीला टोक करत होते. टोक केव्हाच झालं होतं, तरी करत राहिले.

मला तिचा भयंकर राग आला. डॉक्टरांच्या मुलीचा आला नाही, तिच्याकडून काही अपेक्षाच नव्हती. पण हिनं सुई आणून ठेवायची आणि हिनंच विरुद्ध बोलायचं?

दुसऱ्या शनिवारी बाईंनी हात वर करायला सांगितले. मीही केला. बाई मोजत मोजत माझ्यापर्यंत आल्या आणि मायेनं म्हणाल्या, "तू राहू दे हं. तुझ्याच संबंधात आहे ना, तुझा हात मोजला तर बरं दिसणार नाही." मी हात खाली घेतला. न्यायाच्या दृष्टीनं बाईंचं बरोबरच होतं. आरोपी कधी पंचांत बसतो का?

चर्चेच्या बाजूच्या मुली जिंकल्या. पण हेडबाईंच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यांनी चर्चेला साफ ना म्हटलं. वकिलांच्या मुलीचं तोंड उतरलं. मग तिला एक कल्पना सुचली. नुसतं बोलायचं कशाला, करूनच दाखवू!

आमच्या शाळेत कार्तिकात आवळीभोजन व्हायचं. खानापूरच्या रस्त्याला वकिलांचा मळा होता, त्यात आवळीचं जुनं झाड. वर्गातल्या मुली घरून एकेक पदार्थ आणायच्या, झाडाची पूजा व्हायची आणि झाडाखाली पंगत बसायची. आदल्या वर्षी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "मळा लांब आहे, तुला परतायला उशीर होईल, नाही आलीस तरी चालेल." मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दिवसभर वर्गात आवळीभोजनाचंच बोलणं चाललं होतं. कोण पडली, कुणाच्या पानात मुंगळा आला, कुणी उखाण्यात काय घोळ घातला. मी ते पाठींकडून ऐकलं.

या वर्षी वकिलांची मुलगी स्वतः माझ्या बाकापाशी आली. पहिल्यांदाच. म्हणाली, "तुला यायचंच आहे. आणि हे बघ, तू काही आणू नकोस. तू आमची पाहुणी."

मला काय वाटलं ते कसं सांगू! मला चर्चा नको होती, भाषण नको होतं, देश सुधारला नसता तरी त्या दिवशी माझी तक्रार नव्हती. मला फक्त पंगतीत बसायचं होतं. एका बाजूला एक पोरगी, दुसऱ्या बाजूला दुसरी. कुणाचं तरी कोपर लागेल, कुणी म्हणेल सरक गं जरा. त्या 'सरक'साठी मी दिवस मोजत होते.

आई तर हरखून गेली. "काय घिऊन जायाचं गं? शेंगाच्या पोळ्या करू?" मी म्हणाले, "काय नको म्हणल्यात. पावणी हाय मी." आई म्हणाली, "तेबी खरं. पावण्याकडनं कोण घेतंय व्हय?" आणि माझ्या एकुलत्या एका चांगल्या परकराला तांब्यात निखारे घालून इस्त्री करत बसली. वडील लढाईवर गेल्यापासून ती अशी बोलत नव्हती. पोस्टमन लायनीत शिरला की ती आत जाऊन चुलीपुढं बसायची, आणि तो दुसऱ्याच्या दारात थांबला की मग बाहेर यायची. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींचीही बोलायची सवय मोडत चालली होती.

मळ्यात पोचले तेव्हा पानं मांडायचं काम चाललं होतं. आवळीच्या सावलीत केळीच्या पानांची लांबच लांब ओळ. प्रत्येक पानापुढं रांगोळीची एकेक साधी रेघ. मी आपली ओळीच्या शेवटाकडं निघाले, तर वकिलांच्या मुलीनं हाक मारली, "अगं, तिकडं कुठं? इकडं ये!"

झाडाच्या बुंध्याशी, ओळीपासून वेगळं, एक पान मांडलं होतं. बसायला पाट. भोवती केवढी रांगोळी! कमळं, वेलबुट्टी, कोपऱ्यात मोर. उदबत्ती लावलेली. पाणी प्यायला तांब्या-भांडं होतं ते चांदीचं. ती पोरगी पहाटेपासून तिथं बसून ते काढत होती, तिचे गुडघे रांगोळीनं पांढरे झाले होते. बाईंचे डोळे पाण्यानं भरले होते. म्हणाल्या, "आजचं मानाचं पान तुझं."

मी मखरातल्या गौरीसारखी त्या पाटावर उभी राहिले. तरी धीर करून म्हणाले, कारण मला राहवेना, "मी तिकडं बसू का? ओळीत?"

"छे, छे!" वकिलांची मुलगी म्हणाली. किती प्रेमानं म्हणाली! "तिथं मागं कशाला? तुझं पहिलं पान."

मी बाईंकडं बघितलं. बाई हसून मान हलवत होत्या, बैस बैस म्हणून. मी बसले.

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मानाच्या पानानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही. वाढून झालं, श्लोक झाला, आणि मग सगळी ओळ हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत बसली. शाळेत आल्यापासून पाठमोऱ्या बघितलेल्या सगळ्या जणींचे चेहरे त्या दिवशी एकदम समोर. घास हातात घेतला. तोंडात घातला. तो मसालेभात कसा होता म्हणाल तर मला माहीत नाही. कुणीतरी टाळी वाजवली, आणि पंगत सुरू झाली.

सुरू झाली ती आपली आपण. ओळीत हसणं, ओढाओढी, पापड कुणाला जास्त, मिरची कुणाला लागली. निपाणीची तिच्या दोन जैन मैत्रिणींबरोबर ओळीच्या टोकाला होती. त्यांच्यासाठी कांदा-बटाट्याशिवायची भाजी वेगळ्या भांड्यात आली होती आणि त्याचं कुणाला काहीच नव्हतं. तिची भाजी वेगळी होती, पान ओळीत होतं. माझी भाजी सगळ्यांचीच होती, पान वेगळं होतं. मी जेवत होते आणि हे मनात घोळवत होते.

मधेमधे एकेक जण उठून माझ्याकडं यायची. जिंकलेल्या बाजूच्या सगळ्या आल्या. हातात श्रीखंडाचं भांडं, "आणखी थोडं घे! नाही म्हणायचं नाही!" आग्रह करायला सगळ्या आल्या. बसायला कुणी आलं नाही. वाढलं की लगबगीनं परत ओळीत, कारण त्यांच्या जागा तिथं होत्या, शेजारणी तिथं होत्या. मी नको म्हणत नव्हते. श्रीखंड पोटात मावेना तरी खात होते. निदान वाढायला तरी कुणी आलं की दोन शब्द कानावर पडत होते.

मला रागावताही येत नव्हतं, याचाच मला राग होता. दप्तर ठेवून बाक अडवणाऱ्या पोरींवर रागावता येतं. पहाटे उठून मोर काढणाऱ्या पोरीवर कसं रागवायचं? तिनं तिला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा मान दिला होता. घरी सोयरा आला, गुरुजी आले, तर त्यांना वेगळा पाट, मोठी रांगोळी, पहिलं पान. मान म्हणजे वेगळं बसवणं, हेच तिच्या घरानं तिला शिकवलं होतं. आणि आम्हालाही तिच्या घरानं वेगळंच बसवलं होतं. दोन्हींत मधली जागा सारखीच मोकळी राहते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. येणार तरी कसं? ती कधी त्या जागेच्या पलीकडं बसलीच नव्हती.

जेवणं झाल्यावर मळ्यातली राखणदाराची बायको पानं उचलत आली. ओळ संपवून ती माझ्या पानापाशी थबकली आणि बाईंकडं बघू लागली. बाईंनी वकिलांच्या मुलीकडं बघितलं. कुणी काही बोलायच्या आत मी माझं पान दुमडून उचललं आणि बांधाच्या खड्ड्यात टाकून आले. हात धुवायला पाणी मात्र वकिलांच्या मुलीनंच घातलं. वरून.

परतताना निपाणीची मागं मागं रेंगाळत माझ्याजवळ आली. जवळ म्हणजे रस्त्याच्या तिच्या कडेनं. मी म्हणाले, "आता बरं वाटलं असेल तुला. तू म्हणालीच होतीस, जेवतानासुद्धा सोडणार नाहीत."

"मला कशाला गं बरं वाटंल?" ती म्हणाली. मग थोडं चालून म्हणाली, "तू ओळीत बसतो म्हणालीस ते ऐकलं मी. माझ्या शेजारी जागा हुती."

"मग बोलावलं का नाहीस?"

"बोलावलं असतं तर मावशीला सांगाय लागलं असतं. खोटं बोलाय येत न्हाय मला." तिनं पायानं खडा उडवला. "म्हणून गप बसलो."

माझा राग तिथंच गेला. बरं वाटलं असं नाही. पण त्या सगळ्या दिवसात माझ्याशी सरळ बोललेलं एवढं एकच वाक्य होतं. फाट्यावर ती गावाकडं वळली, मी कँपाकडं. त्या दिवशी मी भूगोल म्हटला नाही.

आई दारातच उभी होती. "बसवलं का पंगतीला?"

"व्हय."

"कुठं बसवलं?"

"पयल्या पानावर. चांदीच्या भांड्यात पाणी दिलं."

"आगं माझी बाय गं!" असं म्हणून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग सगळं विचारून घेतलं. रांगोळी कशी होती, मोर कसा होता, काय काय वाढलं, किती वेळा वाढलं. मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. ती हसत होती, मधेच पदर तोंडाला लावत होती, आणि म्हणत होती, "तुझ्या बाला हे कळाय पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लायनीच्या नळावर बायकांची रांग होती. आईनं पाण्याआधी माझी गोष्ट सगळ्यांना वाटली. मी मागं घागर घेऊन उभी. पयलं पान! चांदीचं भांडं! वकिलाच्या लेकीनं रांगोळी काढली, हातानं पाणी घातलं! बायकांनी तोंडावर हात ठेवले, एकीनं माझी अलाबला घेतली. सभेला गेल्याचं सार्थक झालं, असं कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, एका हवालदाराची सासू, तिला सगळी लाईन आक्का म्हणायची. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पयलं पान तुझं. लई ब्येस झालं. दुसरं कुणाचं हुतं गं?"

मी घागर खाली ठेवली. "दुसरं नव्हतं, आक्का."

"म्हंजे?"

"एकच पान हुतं. बाकीच्या पंगतीत बसल्यात्या."

आक्कानं मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं. आईनं घाईघाईनं घागर नळाखाली लावली, अर्धीच भरली, आणि उचलून चालू लागली. मी मागं मागं. दोघी दारात आलो. घागर उतरवून तिनं माझ्याकडं पाठ करूनच विचारलं,

"मग काल का न्हाय बोललीस?"

"तू लई दिसांनी हसत हुतीस," मी म्हणाले.